प्रवेशपडदा, संगणकाचा

संगणक सुरू झाल्यावर वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द विचारणारा आणि ओळख पटेपर्यंत पुढील सर्व व्यवहार रोखून धरणारा पडदा. मराठी व्यवहारात त्यास ‘लॉगिन स्क्रीन’ असेही म्हणतात. परिचालन प्रणालीबरोबर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर, आलेला मूळ प्रवेशपडदा बदलून त्याजागी दुसरा बसविण्याची प्रथा जुनी आहे. कधी शोभेसाठी, कधी संस्थेच्या जाळ्यात प्रवेश मिळावा म्हणून, तर कधी बोटाचा ठसा वा ओळखपत्र वाचणारे उपकरण जोडता यावे म्हणून तो बदलला जातो. बदललेला पडदा काढून मूळचा पुन्हा बसविणे ही वरवर पाहता रंगसफेदीसारखी किरकोळ बाब वाटते. तथापि परवलीचा शब्द ज्या आज्ञावलीच्या हाती सोपवायचा तीच येथे बदललेली असते आणि बिघाड झाल्यास दुरुस्तीची सारी साधने बंद दाराच्या आत राहतात. या दोन अडचणींतून मार्ग काढण्याच्या प्रयत्नांनीच प्रवेशपडद्याचा इतिहास बव्हंशी घडविला आहे.

एका संगणकावर एका वेळी एकच माणूस काम करी तोपर्यंत अशा पडद्याची गरज नव्हती. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांदो कॉर्बातो (१९२६–२०१९) यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या सीटीएसएस या कालविभाजन प्रणालीचे प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये झाले. तीत अनेक जण आपापल्या टर्मिनलावरून एकच संगणक वापरीत. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात व यंत्राच्या वेळेचा प्रत्येकाचा वाटा ठरावा, यासाठी परवलीचा शब्द विचारण्यात येऊ लागला. हा बंदोबस्त प्रारंभापासूनच कच्चा होता. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्यास स्वतःच्या कामासाठी अधिक वेळ हवा होता. १९६२ च्या वसंत ऋतूत त्यांनी परवलीच्या शब्दांची फाइल छापण्याची मागणी छिद्रपत्रावरून दिली आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. पुढे १९६०–७० या दशकाच्या मध्यास एक विलक्षण प्रसंग घडला. प्रवेश करताच प्रत्येकास दिसणारा ‘आजचा संदेश’ आणि परवलीच्या शब्दांची फाइल यांचे संपादन दोन व्यवस्थापक एकाच वेळी करीत होते. संपादन-आज्ञावली तात्पुरत्या फाइलीस नेहमी एकच नाव देत असल्याने दोहोंची अदलाबदल झाली आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकापुढे संदेशाऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी छापली जाऊ लागली. कॉर्बातो यांनी आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हा प्रसंग सांगितला आहे. आपल्यासारख्या यंत्रणा कधी ना कधी चुकणारच हे गृहीत धरून त्या रचाव्यात, असा त्या व्याख्यानाचा रोख होता.

बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स प्रणालीत प्रवेशाच्या कामाची फोड करण्यात आली. ‘गेटी’ ही आज्ञावली टर्मिनलाची वाट उघडून नाव विचारी. ‘लॉगिन’ ही दुसरी आज्ञावली परवलीचा शब्द घेई, तो टंकला जात असता अक्षरे उमटू देत नसे आणि नोंदीशी ताडून पाही. दोन्ही आज्ञावल्या लहान व सर्वपरिचित होत्या. त्यामुळे त्यांची नक्कल करणेही सोपे होते. एखादा खोडकर विद्यार्थी टर्मिनल सोडून जाताना हुबेहूब तसाच प्रश्न विचारणारी आज्ञावली चालू ठेवी. पुढचा माणूस आपले नाव व परवलीचा शब्द देई. तोतया पडदा ते टिपून ठेवी, ‘चुकीचा शब्द’ असे सांगे आणि स्वतः नाहीसा होई. मग खरा पडदा येई. आपल्याच टंकनात चूक झाली असे समजून तो माणूस पुन्हा शब्द देई व आत जाई. आपली फसवणूक झाली, हे त्यास कळण्याचा कोणताच मार्ग नव्हता.

याच प्रश्नाचे अधिक गंभीर रूप केन टॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात मांडले. लॉगिन आज्ञावलीत चोरवाट ठेवायची झाल्यास तिच्या मूळ संहितेत काहीही लिहिण्याची गरज नाही. संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या संकलकात ती दडविता येते. लॉगिनची संहिता समोर येताच असा संकलक चोरवाट आपणहून घालतो. इतकेच नव्हे, तर संकलकाची स्वतःची स्वच्छ संहिता त्याच्याकडून रूपांतरित करून घेतली, तर नव्या संकलकातही तो ही खोड उतरवितो. म्हणजे मूळ संहितेपासून लॉगिन पुन्हा तयार केले तरी मूळ लॉगिन परत मिळेलच अशी खात्री राहत नाही. ‘मूळ स्थिती’ या शब्दांचा अर्थ यामुळे किती संदिग्ध होतो, हे पुढील काळातील पुनःस्थापनेच्या बहुतेक कृतींत लक्षात घेतले गेलेले नाही.

चित्रमय पडदे आल्यावर प्रवेशाचा प्रश्नही चित्ररूप झाला. एक्स विंडो प्रणालीच्या १९८८ मधील तिसऱ्या आवृत्तीबरोबर कीथ पॅकार्ड यांची ‘एक्सडीएम’ ही आज्ञावली आली. तिचे रूप, रंग व मजकूर साध्या फाइली बदलून ठरविता येई. त्याचबरोबर तिच्यात एक दूरदर्शी सोयही होती : वापरकर्त्याची स्वतःची मांडणी बिघडल्यामुळे प्रवेश होताच तो बाहेर फेकला जात असेल, तर परवलीच्या शब्दानंतर नेहमीच्या कळीऐवजी एफ-१ ही कळ दाबून केवळ एक साधी आज्ञाखिडकी उघडता येई व तीतून दुरुस्ती करता येई.

घरगुती संगणकांत ही शिस्त उशिरा आली. मॅकिंटॉशच्या १९८४ मधील पहिल्या यंत्रात प्रवेशपडदाच नव्हता. विंडोज ९५ मध्ये नाव व शब्द विचारणारी चौकट होती. पण ‘रद्द’ ही कळ दाबली तरी माणूस आत जात असे. ते दार नव्हते, दाराचे चित्र होते. विंडोज एनटी या १९९३ मध्ये आलेल्या प्रणालीत मात्र तोतया पडद्याचा विचार करण्यात आला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या संगणकसुरक्षेच्या निकषांत, वरच्या श्रेणीच्या प्रणालींसाठी वापरकर्ता व प्रणाली यांच्यात ‘विश्वसनीय मार्ग’ असावा अशी अट होती. आयबीएमच्या वैयक्तिक संगणकासाठी डेव्हिड ब्रॅडली यांनी यंत्र पुन्हा सुरू करण्याकरिता योजलेली कंट्रोल-आल्ट-डिलीट ही तीन कळांची जुळणी एनटीच्या कर्त्यांनी या कामासाठी निवडली. ही जुळणी दाबताच संकेत थेट प्रणालीच्या गाभ्याकडे जातो, सामान्य आज्ञावलीस तो मधल्यामध्ये अडविता येत नाही. परिणामी त्यानंतर दिसणारा पडदा खराच असतो. अनेकांना ही जुळणी निरर्थक कवायत वाटत आली. वस्तुतः मूळ पडदाच समोर आहे याची तीच खूण होती.

एनटीमध्ये प्रवेशाची देखरेख ‘विनलॉगॉन’ या आज्ञावलीकडे असे. पण पडदा दाखविणे व ओळख पटविणे हे काम ती ‘जीना’ नावाच्या वेगळ्या घटकावर सोपवी. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा घटक ‘एमएसजीना’ होता. दुसऱ्या कोणी आपला घटक तयार करून त्याचे नाव रजिस्ट्री या प्रणालीच्या नोंदवहीत लिहिले, की विनलॉगॉन त्यालाच बोलावी. नॉव्हेलच्या जाळ्यासाठी, दूरस्थ नियंत्रणाच्या आज्ञावल्यांसाठी, ठसे वाचणाऱ्या उपकरणांसाठी असे घटक निघाले. या योजनेतील गोम अशी, की घटक एकच असे. दुसरा आला की पहिला सर्वस्वी बाजूस सरे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत वापरकर्त्यांची नावे व छोटी चित्रे दाखविणारा स्वागतपडदा होता. बाहेरचा जीना-घटक बसताच तो नाहीसा होई आणि काम न थांबविता दुसऱ्या वापरकर्त्याकडे जाण्याची सोयही त्याबरोबर जाई. घरातील मुलांची चित्रे एकाएकी गेली व त्याजागी करडी चौकट आली, एवढेच सामान्य माणसास दिसे.

खरा अनर्थ ओढवे तो असा घटक अर्धवट काढला गेल्यास. फाइल पुसली गेली, पण नोंदवहीत तिचे नाव राहिले, तर विनलॉगॉन नसलेल्या द्वारपालास हाक मारीत राही. अशा वेळी पडद्यावर प्रवेशाचा घटक सापडत नाही, व्यवस्थापकास सांगून मूळ घटक पुन्हा बसवून घ्यावा, अशा आशयाचा इंग्रजी संदेश येई व यंत्र पुन्हा सुरू करण्यापलीकडे काही करता येत नसे. व्यवस्थापकही त्याच दारातून आत जाणार, याचा विचार संदेश लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही. यावर जाणकारांनी काढलेला एक तोडगा गमतीदार आहे : स्थापनेच्या तबकडीवरून दुरुस्तीची आज्ञाखिडकी उघडावी, एमएसजीनाची एक प्रत करावी आणि तिला नाहीशा झालेल्या परक्या घटकाचे नाव द्यावे. विनलॉगॉन परक्यास बोलावी आणि त्याच्या नावाने मूळचाच घटक हजर होई. एकदा आत शिरल्यावर नोंदवहीतील ती नोंद पुसली, की प्रणाली आपल्या स्वाभाविक स्थितीस येई. संगणक जाळ्यात जोडलेला असल्यास व परवानगी असल्यास हीच नोंद दुसऱ्या यंत्रावरूनही पुसता येई.

केवळ शोभेसाठी स्वागतपडद्याची फाइल बदलणाऱ्यांचा अनुभव याच्या उलट होता. विंडोज २००० पासून प्रणाली आपल्या महत्त्वाच्या फाइलींवर नजर ठेवी आणि कोणी त्या बदलल्यास राखून ठेवलेल्या मूळ प्रती परत ठेवी. नको असतानाही होणारी ही पुनःस्थापना टाळण्यासाठी हौशी लोक मूळ फाइलीस हात न लावता नोंदवहीत दुसऱ्या फाइलीचे नाव लिहू लागले. त्यांचा हा उपाय अधिक शहाणपणाचा ठरला. कारण परतीसाठी एक नोंद पूर्ववत करणे पुरे होई.

२००७ च्या प्रारंभी सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टात जीनाची योजना मोडीत काढण्यात आली. तिच्याऐवजी आलेले ओळख-घटक एकमेकांस हटवीत नाहीत, शेजारी शेजारी उभे राहतात. ठशाचा घटक बिघडला तरी परवलीच्या शब्दाचा बहुधा शिल्लक असतो. पडदा दाखविण्याचे काम प्रणालीने स्वतःकडेच ठेवले. बदलाची मोकळीक कमी झाली व परतीची वाट रुंदावली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये यंत्र बनविणाऱ्या कंपन्यांसाठी पार्श्वचित्र बदलण्याची तेवढी सोय होती आणि तेही २५६ किलोबाइटांहून लहान असावे लागे. मोठे असल्यास प्रणाली तक्रार न करता आपले मूळ चित्र दाखवी.

लिनक्स प्रणालींत वाट वेगळी पडली. तेथे प्रवेशपडदा ही इतर आज्ञावल्यांसारखीच एक आज्ञावली असून जीडीएम, लाइटडीएम, एसडीडीएम असे तिचे अनेक प्रकार एकाच यंत्रावर नांदू शकतात. डेबियन व तिच्यापासून निघालेल्या प्रणालींत त्यांपैकी कोणती चालवायची ते एका लहानशा मजकूर-फाइलीत लिहिलेले असते. तीत फक्त एका आज्ञावलीचा पत्ता असतो. उबुंटूने तर २०११ मध्ये जीडीएम सोडून लाइटडीएम घेतले व २०१७ मध्ये पुन्हा जीडीएमकडे वळण घेतले. त्यामुळे ‘मूळ पडदा’ कोणता याचे उत्तरही आवृत्तीगणिक बदलले. अधिक मोलाची गोष्ट म्हणजे चित्रमय पडदा कोसळला तरी कंट्रोल व आल्ट यांसह एफ-मालिकेतील एखादी कळ दाबून अक्षरी प्रवेश मिळविता येतो. तेथे जुन्या युनिक्समधील गेटी व लॉगिन यांचे वारस अद्याप पहारा देत असतात.

प्रवेशपडद्यावरील बिघाडांपैकी एक देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या विशेष परिचयाचा आहे. भारतीय मानक संस्थेच्या १९९१ च्या मानकात समाविष्ट असलेली इनस्क्रिप्ट ही कळमांडणी संगणकाची मुख्य मांडणी म्हणून ठेवली आणि ती प्रवेशपडद्यासही लागू झाली, तर रोमन अक्षरांतील परवलीचा शब्द टंकताच येत नाही. अक्षरांऐवजी ठिपके दिसत असल्याने काय चुकले हेही समजत नाही. यासाठी पडद्याच्या कोपऱ्यात भाषा दर्शविणारी खूण असते. तेथून मांडणी बदलून आत जावे व नंतर प्रवेशपडद्यापुरती रोमन मांडणी कायम करावी, हा सरळ उपाय होय.

मूळ पडदा परत आणण्याच्या वर उल्लेखिलेल्या बहुतेक युक्त्यांत यंत्रात शिरण्याची दुसरी वाट गृहीत धरलेली आहे : स्थापनेची तबकडी, दुरुस्तीची खिडकी, किंवा युनिक्सवंशीय प्रणालींतील एकवापरकर्ता स्थिती, जी अनेक यंत्रांवर परवलीचा शब्द न विचारताच सर्वाधिकार देत असे. मालकास उपयोगी पडणारी ही वाट चोरासही तितकीच उपयोगी पडते. प्रवेशपडदा शाबूत असतानाही त्यास वळसा घालून फाइली वाचता येतात, हे लक्षात आल्यावर संपूर्ण साठाच कूटबद्ध करण्याकडे कल झाला. विंडोज व्हिस्टातील बिटलॉकर व मॅक ओएस एक्सच्या २०११ मधील लायन आवृत्तीपासूनचे नव्या स्वरूपातील फाइलव्हॉल्ट यांची योजना अशी आहे. अशा यंत्रात परवलीचा शब्द वा किल्ली मिळाल्यावाचून साठ्यातील अक्षरही उलगडत नाही. फाइलव्हॉल्ट चालू असलेल्या अनेक मॅक यंत्रांत तर प्रवेशपडदा परिचालन प्रणालीच्या आधीच दिसतो, म्हणून वापरकर्त्याने निवडलेले चित्रही त्यावर येत नाही. तेथे दुसरी वाट उरते ती कूटबद्ध करतेवेळी मिळालेल्या पुनर्प्राप्तीच्या लांबलचक किल्लीची. बिटलॉकरची अशी किल्ली ४८ अंकांची असते व ती कागदावर छापून त्याच यंत्रापासून दूर ठेवावी लागते.