ओली म्हणून कापली

निपाणी भागातल्या तंबाखूचा इतिहास कर आणि आंदोलनं यांच्यापासून सांगतात. मी ओलाव्यापासून सांगतो.

बिडीची तंबाखू पावसाळ्यात लावायची, पौष-माघाच्या सुमाराला कापायची आणि रानातच उन्हात वाळवायची. वाळलेलं पान मिठासारखं असतं, हवेतला ओलावा ओढून घेतं. भर दुपारी हात लावला की चुरा होतो. म्हणून दव पडून पान मऊ झालं की पहाटेच पालटायला जावं लागतं. पण तोच ओलावा बोदात दाबला गेला, तर माल आतून तापतो, कुबट वास येतो आणि पांढरी-हिरवी बुरशी धरते. शास्त्रवाले तिच्यातल्या एका जातीला अ‍ॅस्परजिलस म्हणतात. हवेत ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकली की तिला फावतं, आणि आमच्याकडं पावसाळाभर हवा तसलीच.

इथंच शेतकऱ्याची मान अडकली. व्यापाऱ्याकडं कोरडी वखार, आमच्याकडं गळकं घर. पावसाच्या आत माल गेलाच पाहिजे, हे त्यालाही पक्कं ठाऊक. तो मूठभर पान दाबायचा, नाकाला लावायचा आणि म्हणायचा, "पावणं, ओली हाय." झालं, वजनात कापली! पान कोरडं निघालं तर "चुरा झालाय" म्हणून दरात कापली. ओलावा मोजायचं यंत्र नव्हतंच. त्याचा हात हेच यंत्र, आणि तो हात कधी आमच्या बाजूनं झुकला नाही.

१९४३ साली तंबाखूवर केंद्राची अबकारी आली. पिकवलेल्या मालाची नोंद सरकारदरबारी द्यावी लागे. १९७९ मध्ये चरणसिंहांच्या अर्थसंकल्पात कच्च्या तंबाखूवरचा तो कर गेला. वखारीतला हात मात्र राहिला.

मग १९८१ साल. शरद जोशींच्या मागं हजारो शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. मी तेव्हा विशीत होतो. लोक विचारतात, ऐन उन्हात का बसलात? बघा, मार्च-एप्रिलात पान वाळून घरात आलेलं असतं आणि पाऊस दोन महिन्यांवर असतो. शेतकऱ्याला दर मागायला वर्षात तेवढीच सवड. जून लागला की दर बुरशी ठरवते.