प्रॉडक्ट डिझायनरचं करिअर म्हणजे नेमकं काय? जाहिरातीपासून ‘मंगल’ फॉन्टपर्यंत गेलेल्या र. कृ. जोशींच्या वाटेवरून समजून घेऊ

इचलकरंजीत एखाद्या सायझिंगच्या ऑफिसात पगारपत्रक मराठीत टाइप होतं. महापालिकेत घरपट्टीची नोटीस तयार होते. शाळेत निकालपत्रक छापलं जातं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत असे असंख्य कागद ‘मंगल’ नावाच्या फॉन्टमध्ये निघाले आहेत. विंडोजवर युनिकोड मराठी सुरू केलं की समोर यायचा तो हाच फॉन्ट. वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो निवडलेला नव्हता, तो आपोआप आलेला होता.

हा फॉन्ट प्रा. रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला. त्यांची ओळख र. कृ. जोशी अशीच जास्त आहे. त्यांनी आधी जाहिरात क्षेत्रात काम केलं, मग आयआयटीत शिकवलं आणि त्यानंतर सॉफ्टवेअरच्या जगात ते संगणकशास्त्रज्ञांबरोबर बसले. ‘टेक कंपनीत डिझायनर व्हायचंय, पण कोणत्या क्षेत्रात जाऊ? नंतर क्षेत्र बदलता येईल का?’ असा प्रश्न आज अनेक तरुणांना पडतो. त्याचं उत्तर शोधायला जोशींचा प्रवास चांगला उपयोगी पडतो.

प्रॉडक्ट डिझायनर म्हणजे कोण?

हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. जुना अर्थ वस्तूंचा आहे. मिक्सर, खुर्ची, शिलाई मशीन, तपासणीचं उपकरण हातात कसं बसेल, कुठे दाबलं की काय होईल, कारखान्यात ते किती खर्चात तयार होईल, हे ठरवणारा तो प्रॉडक्ट डिझायनर. आयआयटी मुंबईत १९६९ मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजे आयडीसी, सुरू झालं ते याच विचारातून.

दुसरा अर्थ गेल्या काही वर्षांत रुळला. यात प्रॉडक्ट म्हणजे ॲप, वेबसाइट किंवा सॉफ्टवेअर. वापरणाऱ्याची अडचण काय आहे, कोणती पायरी आधी येईल, चूक झाली तर परत कसं फिरता येईल, हे सगळं ठरवणं हे डिझायनरचं काम. रंग आणि बटणं हा त्यातला शेवटचा, दिसणारा भाग.

इचलकरंजीकरांना हे मागाच्या उदाहरणावरून पटकन कळेल. इथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला, आणि पुढे गावाची ओळखच यंत्रमागामुळे झाली. ताण्याचा प्रत्येक धागा वहीतून आणि फणीतून ओवला जातो, हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. साडीच्या काठाची नक्षी कागदावर कितीही सुंदर असली, तरी डॉबीवर जितक्या वह्या आहेत तितक्यात ती बसली पाहिजे. बसली नाही तर जॅकार्डवर जावं लागतं आणि खर्च वाढतो. म्हणजे नक्षी काढणाऱ्याला चित्रकला यावी लागते आणि मागही समजावा लागतो. प्रॉडक्ट डिझाइनचं सगळं काम या दोन गोष्टींच्या मधे चालतं.

पहिला टप्पा: जाहिरात

र. कृ. जोशींचा जन्म १९३६ चा. मुंबईच्या जे. जे.मध्ये त्यांनी कमर्शियल आर्टचं शिक्षण घेतलं आणि १९५६ मध्ये डिप्लोमा पूर्ण केला. पुढे उल्का या जाहिरात कंपनीत त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ काम केलं. ते कवी होते आणि सुलेखनकारही होते.

जाहिरातीत अक्षर हे लक्ष वेधून घेण्याचं साधन असतं. ‘दिवाळी सेल’ हे शब्द लांबून दिसले पाहिजेत, आणि तेही बाकीच्या जाहिरातींपेक्षा वेगळे. तिथे एका कामासाठी पाच-सात अक्षरं हाताने काढली तरी भागतं. उद्याच्या जाहिरातीत वेगळे शब्द असतील, तेव्हा ते पुन्हा नव्याने काढायचे.

दुसरा टप्पा: वर्ग

१९८३ मध्ये जोशी आयडीसीत प्राध्यापक म्हणून आले. इथे प्रश्न बदलला. ‘हे अक्षर चांगलं दिसतं’ एवढं सांगून विद्यार्थ्यांचं समाधान होत नाही, ते का चांगलं दिसतं हेही सांगावं लागतं. देवनागरीत शिरोरेषा कुठे असावी, काना किती अंतरावर द्यावा, बोरूच्या तिरक्या कापामुळे रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक होते, हाताला सवयीने येणाऱ्या या गोष्टींचे नियम शब्दांत मांडावे लागतात.

पुढच्या टप्प्यात नेमकं हेच कामाला आलं. संगणकालाही सगळं नियमांतच सांगावं लागतं.

तिसरा टप्पा: सॉफ्टवेअर

मुंबईच्या जुहूमध्ये नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही सरकारी संशोधन संस्था होती. २००३ मध्ये ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. जोशींनी इथल्या संगणकशास्त्रज्ञांबरोबर भारतीय लिप्यांवर काम केलं. १९९९ मध्ये ‘कम्प्युटर्स अँड ग्राफिक्स’ या संशोधनपत्रिकेत मुदूर, नायक आणि शानभाग यांच्यासोबत त्यांचा शोधनिबंध आला. संगणकाने भारतीय लिप्यांमधली अक्षरं कशी जुळवावीत, हा त्याचा विषय. जाहिरातीतून आलेल्या कलाकाराचं नाव संगणकशास्त्राच्या निबंधावर असणं ही साधी गोष्ट नव्हे.

पण अडचण काय होती?

‘इचलकरंजी’ हा शब्द घ्या. डोळ्यांना सहा अक्षरं दिसतात. संगणक मात्र आठ खुणा साठवतो: इ, च, ल, क, र, अनुस्वार, ज आणि दीर्घ ईची वेलांटी. आता ‘पालिका’ हा शब्द बघा. यात ऱ्हस्व वेलांटी ‘ल’च्या नंतर साठवली जाते, पण दिसते ‘ल’च्या आधी. ‘मार्ग’मधला ‘र’ साठवला जातो ‘ग’च्या आधी, आणि दिसतो ‘ग’च्या डोक्यावर रफार होऊन. ‘आयुक्त’मध्ये ‘क’ आणि ‘त’ एकमेकांत मिसळतात.

इंग्रजी फॉन्टमध्ये साधारणपणे एका खुणेला एक आकृती पुरते. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य गटात १२८ जागा आहेत, पण फॉन्टमध्ये आकृत्या मात्र शेकडो लागतात. कोणत्या खुणांपासून कोणती आकृती होईल, ती कुठे बसेल, याचे नियम फॉन्टमध्ये आणि संगणकाच्या यंत्रणेत लिहावे लागतात.

मराठीचा आणखी एक प्रश्न आहे. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत फरक फक्त ‘र’च्या रूपाचा आहे. पहिल्यात विद्वान येतील, दुसऱ्यात स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘कर्मचाऱ्यांना’ हा शब्द तर प्रत्येक कार्यालयीन पत्रात येतो. हा आडवा अर्धा ‘र’ संगणकाला वेगळा शिकवावा लागतो.

युनिकोड रुळण्याआधी यावर तात्पुरते उपाय होते. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवलेले फॉन्ट वापरले जायचे. फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तोच फॉन्ट नसला, की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. जुन्या फाईली आजही अशा अडकून पडलेल्या सापडतात. त्यांत शोध घेता येत नाही, नावांची यादी अकारविल्हे लावता येत नाही.

‘मंगल’ने काय केलं?

२००० मध्ये आलेल्या विंडोज २००० बरोबर देवनागरीसाठी ‘मंगल’ आणि तमिळसाठी ‘लता’ हे फॉन्ट आले. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये तेलुगूसाठी ‘गौतमी’, गुजरातीसाठी ‘श्रुती’, कन्नडसाठी ‘तुंगा’ आणि गुरुमुखीसाठी ‘रावी’ आले. या फॉन्टच्या श्रेयनामावलीत टाइप डायरेक्टर म्हणून रघुनाथ जोशी यांचं नाव आहे. ‘मंगल’साठी त्यांच्यासोबत विनय सायनेकर यांचं नाव येतं.

आता हे काम जाहिरातीच्या कामाशेजारी ठेवून बघा. जाहिरातीत शब्द आधी माहीत असतो. फॉन्टमध्ये कोण काय टाइप करेल, हे कधीच माहीत नसतं. आमंत्रण असेल, न्यायालयाचा निकाल असेल किंवा औषधाची चिठ्ठी असेल, सगळीकडे तोच फॉन्ट. तोही त्या काळच्या कमी पिक्सेलच्या मॉनिटरवर वाचता आला पाहिजे. त्यामुळे उठून दिसणं इथे कामाचं नव्हतं. अडखळू न देणं महत्त्वाचं होतं.

मर्यादाही होत्या. वर्डमध्ये इंग्रजी ओळींच्या मधे मंगलमधला एक मराठी शब्द टाकला की ओळींमधलं अंतर एकदम वाढतं, हे अनेकांनी अनुभवलं असेल. वर मात्रा-रफार आणि खाली उकार यांना जागा लागते, ती आधीच राखून ठेवलेली असते. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. भाषेनुसार आकृती बदलण्याची सोय आजच्या फॉन्टमध्ये देता येते, आणि मराठी वाचकाला ती हवीही असते.

२०१२ च्या विंडोज ८ मध्ये ‘निर्मला यूआय’ हा नवा फॉन्ट आला आणि ‘मंगल’ हळूहळू मागे पडला. टेक क्षेत्रातल्या बहुतेक प्रॉडक्टचं असंच होतं. वस्तू जुनी होते, पण ती बनवताना सोडवलेला प्रश्न पुढच्यांना पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागत नाही. जोशींचं निधन २००८ मध्ये झालं. वैदिक स्वरचिन्हांना युनिकोडमध्ये स्थान मिळावं यासाठीही त्यांनी काम केलं होतं. २००९ च्या युनिकोड ५.२ मध्ये ‘वैदिक एक्स्टेन्शन्स’ हा वेगळा गट आला.

क्षेत्र बदललं की काय बदलतं?

जोशींच्या काळात ‘प्रॉडक्ट डिझायनर’ हा शब्द आजच्या अर्थाने रुळला नव्हता. तरी त्यांच्या वाटेवरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्यांचा विषय तिन्ही ठिकाणी एकच राहिला, तो म्हणजे भारतीय अक्षर. माध्यम, सोबतची माणसं आणि चुकीची किंमत मात्र प्रत्येक वेळी बदलली, आणि ती त्यांना नव्याने शिकावी लागली.

आजच्या क्षेत्रांनाही हेच लागू होतं.

- पैशांचे व्यवहार: यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. त्यात पैसे पाठवताना साधारणपणे पिन लागतो, पैसे मिळताना लागत नाही. हे न कळल्यामुळे फसवणूक होते. म्हणून इथल्या डिझायनरला सोपेपणाबरोबरच योग्य जागी थांबवणंही जमावं लागतं.
- दुकान: पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणारा साउंडबॉक्स आपण रोज ऐकतो. वडे तळणाऱ्याला मोबाईल हातात घेता येत नाही, हे ज्याला दिसलं त्याला आवाजाचा उपाय सुचला.
- कारखाना: तोच आवाजाचा उपाय यंत्रमागाच्या शेडमध्ये घेऊन गेलात तर काहीच ऐकू येणार नाही. तिथे माग थांबल्याची खूण दिव्याने द्यावी लागते. आणि मालकाला ‘माग थांबला’ एवढं पुरत नाही. ताणा तुटला की बाणा, हे हवं असतं.
- आरोग्य: इथे चुकलेला आकडा माणसाच्या जिवावर बेतू शकतो. त्यामुळे वैद्यकीय उपकरणं वापरायला सुरक्षित आहेत का, हे तपासण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. बदल हळू होतात आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी लागते.

म्हणून क्षेत्र बदलताना ‘मला हे सॉफ्टवेअर येतं’ हे भांडवल फार काळ टिकत नाही. लोकांना काम करताना बघणं, प्रश्न नीट मांडणं, कच्चा नमुना लवकर करून तो तपासणं, हे सगळीकडे सोबत येतं. नव्या क्षेत्राचे नियम आणि तिथली भाषा शिकायला मात्र सुरुवातीचे काही महिने द्यावेच लागतात.

या क्षेत्रात यायचं असेल तर?

बारावीनंतर बी.डेस.साठी यूसीड ही प्रवेश परीक्षा असते. कला, वाणिज्य, विज्ञान, कोणत्याही शाखेचे विद्यार्थी ती देऊ शकतात. पदवीनंतर एम.डेस.साठी सीड असते. या दोन्ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. अहमदाबादच्या एनआयडीची प्रवेश परीक्षा वेगळी आहे. मुंबईत जे. जे.चा पर्यायही आहे.

इचलकरंजीत १९८२ पासून डीकेटीई ही संस्था आहे. तिथे वस्त्र अभियांत्रिकीबरोबर संगणकाचंही शिक्षण मिळतं. माग समजणारा आणि स्क्रीनही समजणारा माणूस बाहेर सहज मिळत नाही. सूत खरेदी, बीमचा हिशेब, मजुरी, मेंडिंगमध्ये निघणारे दोष, ही कामं अजून अनेक ठिकाणी वहीत आणि व्हॉट्सॲपवर चालतात. त्यांवर सॉफ्टवेअर बनतं तेव्हा ते अनेकदा शेडमध्ये पाऊलही न ठेवलेल्या माणसांनी बनवलेलं असतं. मग कामगार ते वापरत नाहीत आणि दोष कामगारांच्या माथी मारला जातो.

पहिला प्रोजेक्ट म्हणून प्रसिद्ध ॲपचं नवं रूप काढण्याची पद्धत आहे. त्याऐवजी आठवडाभर एका शेडमध्ये बसा. जॉबर दिवसात किती वेळा काय लिहितो आणि कुठे वैतागतो, ते टिपा. त्यातला एक छोटा प्रश्न निवडा, कागदावर उपाय काढा आणि त्यालाच दाखवा. मुलाखतीत सांगायला तुमच्याकडे खरं काम असेल. पुढे बँकेच्या ॲपवर गेलात किंवा दवाखान्याच्या यंत्रावर, तरी कामाची सुरुवात अशीच करावी लागेल.