वनस्पतिजन्य दूध (बालपोषण)

शेंगदाणा, सोयाबीन, नाचणी यांसारखे पदार्थ भिजवून, वाटून आणि गाळून काढलेले दुधासारखे पेय. कुपोषित बालकांना ते पूरक आहार म्हणून देता येते. पहिले सहा महिने मात्र बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये.

या विषयातले एक मोलाचे काम कर्नाटकात झाले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने (स्थापना १९५०) शेंगदाण्यातले प्रथिन वेगळे काढून गाई-म्हशीच्या दुधात मिसळले आणि ‘मिल्टोन’ हे पेय तयार केले. दुधाचा तुटवडा होता, शेंगदाणा मुबलक होता. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीतले प्रथिन मुलांच्या पोटात जावे, हा त्यामागचा विचार. शेंगदाण्यात लायसीन आणि मेथिओनीन कमी असतात. ती उणीव दुधातल्या प्रथिनाने भरून निघते. दुधाला हटवण्याऐवजी हाताशी असलेले थोडे दूध अधिक मुलांपर्यंत पोहोचवणारी ही योजकता आजही अनुकरणीय आहे.

बेळगावच्या कॅम्पपासून निपाणीपर्यंतच्या सीमाभागात ओळखीची आहे ती नाचणी. मोड आणलेली नाचणी वाटून फडक्यातून गाळतात. हे दूध गूळ घालून शिजवतात किंवा खाली बसलेला साका वाळवून सत्त्व करतात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गाळताना त्यातले काही चोथ्यासोबत जाते. मोड आल्याने पिष्ट सैल होते, म्हणून कमी पाण्यातही लापशी पातळ राहते आणि लहानग्या पोटात जास्त ऊर्जा जाते. पाणी वाढवून केलेल्या पातळ पेयाने पोट भरते, वजन वाढत नाही. प्रथिनांसाठी सोबत डाळ, अंडे किंवा दूध हवेच. १ ऑगस्ट २०१३ पासून कर्नाटकात सुरू झालेल्या क्षीरभाग्य योजनेत अंगणवाडीतल्या मुलांना भुकटीपासून केलेले १५० मिलिलिटर दूध मिळते. नाचणीचे सत्त्व त्याच्या जोडीला द्यावे, त्याच्या बदली नव्हे.

सोयाबीनचे दूध नीट उकळावे लागते, नाहीतर त्यातला ट्रिप्सिनरोधक प्रथिनांचे पचन अडवतो. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात यकृताला घातक असे अफ्लाटॉक्सिन असते. काळपट, सुरकुतलेले दाणे टाकूनच द्यावेत. बाजारातल्या बदामाच्या दुधात प्रथिने नगण्य असल्याने कुपोषित मुलावर त्याचा खर्च करू नये.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर घरगुती दुधावर विसंबून राहू नये. ते तीव्र कुपोषण असते. त्यावर दुधाची भुकटी, तेल आणि साखर यांपासून केलेले उपचारात्मक अन्न वैद्यकीय देखरेखीखाली द्यावे लागते. अशा मुलाला विनाविलंब पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे.