दंपती, कलत्र आणि ‘स्वतः’

नवराबायकोच्या नात्याला व्याकरणाची कसोटी लावूं जातां व्याकरणच गोंधळांत पडतें. संस्कृतांत पत्नीला भार्या, कलत्र आणि दार असे तीन शब्द प्रसिद्ध आहेत. पैकीं पहिला स्त्रीलिंगी, दुसरा नपुंसकलिंगी, आणि तिसरा पुल्लिंगी असून तोही नित्य बहुवचनी! एकाच गृहिणीला तिन्ही लिंगें लाभावींत, ही मौज संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सहसा विसरतां येत नाहीं.

मराठीनेंही ही परंपरा चालविली. ‘आमचें कुटुंब माहेरीं गेलें आहे’ असें म्हणणाऱ्या जुन्या गृहस्थाच्या मनांत सारें बिऱ्हाड नसून एकटी पत्नीच असे. ‘मंडळी’ म्हटलें तरी तीच. जोडपें आणि मेहूण हे शब्दही नपुंसकलिंगीच. मेहूण हें ‘मिथुना’चें घरगुती रूप, मेहूण जेवावयास बोलाविलें म्हणजे एकट्यानें जाऊन भागत नाहीं.

‘दंपती’ या शब्दाची कथा मात्र अधिक विचार करण्याजोगी आहे. पाणिनीच्या परंपरेंतील वैयाकरणांनीं ‘जाया’ आणि ‘पति’ यांचा समास धरून, जायेच्या जागीं ‘जम्’ किंवा ‘दम्’ येतो असें सांगितलें. ही उपपत्ति ओढूनताणून बसविलेली दिसते. ऋग्वेदांत ‘दम’ म्हणजे घर. लॅटिन ‘डोमुस’ त्याचाच सोयरा. एकवचनी दंपति म्हणजे घरधनी, आणि अग्नीलाही हें विशेषण लाविलेलें आहे. तोच शब्द द्विवचनीं आला कीं नवराबायको, म्हणजे घराचे दोन धनी. त्यांत पहिला कोण हें शब्द सांगत नाहीं. ग्रीक ‘देस्पोतेस’ याच कुळांतला, आणि त्यापासून इंग्रजी ‘डेस्पॉट’, म्हणजे जुलमी सत्ताधीश, निघाला. एकाच मुळाला एकीकडे संसार व दुसरीकडे जुलूम फुटावा यांत विनोद आहे खरा. परंतु पुष्कळ घरांत हे दोन्ही अर्थ एका छपराखालीं नांदत आले.

पतीचें नांव उच्चारावयाचें नाहीं, या निर्बंधानें स्त्रियांना पर्याय शोधणें भाग पाडलें. एरवीं वर्ज्य असलेलें नांव उखाण्यांत घेण्याची सोय होती. रोजच्या बोलण्यांत ‘इकडून’, ‘तिकडे’ अशीं दिशादर्शक अव्ययेंच पतीच्या जागीं उभीं राहिलीं. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकांत न्यायमूर्तींचा उल्लेख ‘स्वतः’ या शब्दानें येतो. १९३८ सालीं निघालेल्या इंग्रजी भाषांतराचें नांवच ‘हिमसेल्फ’ असें ठेविलें गेलें. मूळ शब्दाला लिंग नव्हतें. तें इंग्रजींत जाऊन चिकटलें.

शब्दाला लिंग नसलें म्हणून व्यवहारांत समता येते, असें मात्र नव्हे. पत्नी हयात असतां दुसरी करण्यास हिंदु पुरुषाला मुंबई प्रांतांत कायद्यानें मनाई झाली ती १९४६ सालीं. पुढें १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या इंग्रजी मजकुरांत ‘स्पाउज’ हा दोघांनाही लागणारा शब्द आला, आणि विवाहसमयीं कोणाही पक्षाचा स्पाउज हयात असतां कामा नये, अशी अट पडली. त्याच कलमांत वयाची गोष्ट निघतांच वर आणि वधू पुन्हां वेगळे झाले: वराला १८ वर्षें, वधूला १५. १९७८ सालीं या मर्यादा २१ आणि १८ झाल्या.