कणगी, उचल आणि बचत : मोखाड्याचे घरगुती अंदाजपत्रक

पगार एक तारखेला आणि ओढाताण वीस तारखेनंतर, हा शहरी मध्यमवर्गाचा हिशेब. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात तो महिन्याचा नसून वर्षाचा असतो. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी वस्तीच्या या डोंगराळ टापूत भात, नागली आणि वरई ही प्रामुख्याने पावसाळी पिके. दिवाळीच्या सुमारास धान्य कणगीत पडते. ते किती महिने पुरणार, यावर पुढचे सारे अवलंबून.

खरी कसोटी पावसाळ्यात. जुने धान्य संपलेले, नवे शेतात उभे आणि मजुरी तुटपुंजी. दुकानाची उधारी, औषधपाणी, सणवार याच दिवसांत येतात. नेमक्या या वेळी वीटभट्टीचा मुकादम 'उचल' देऊ करतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण परिसरातील भट्ट्यांवर जातात. तेथे आठवड्याला 'खर्ची' मिळते आणि मजुरी हजार विटांमागे ठरते. हंगामाअखेर मजुरीतून उचल व खर्ची वजा होते. उरले तर हाती, न उरल्यास बाकी पुढील वर्षावर. हिशेबाची वही बहुधा मालकाकडे असते, हीच यातली मेख. रोज पाडलेल्या विटा आणि घेतलेली खर्ची मजुराने स्वतः टिपून ठेवणे, हे येथील अंदाजपत्रकाचे पहिले कलम म्हणावे लागेल. कर्जापोटी माणसाला कामावर अडकवून ठेवणे हा वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ अन्वये गुन्हा असून, तसे कर्ज फेडण्याचे दायित्वही कायद्याने संपुष्टात येते.

ही पावसाळी तूट भरून काढण्यासाठी शासनाने १९७८ मध्ये आदिवासींसाठी खावटी कर्ज योजना सुरू केली. ती २०१३ मध्ये थांबली. करोनाकाळात, २०२० मध्ये, तिला अनुदानाचे रूप देऊन प्रतिकुटुंब चार हजार रुपये मंजूर झाले : निम्मे खात्यात, निम्मे वस्तुरूपाने.

दुसरा आधार महिला बचत गटांचा. दहा ते वीस महिला, ठरावीक वर्गणी, नियमित बैठक, आपसांत कर्ज आणि नोंदवही. दहा जणींनी दरमहा पन्नास रुपये टाकले तरी वर्षाला सहा हजार जमतात. शहरात ही रक्कम किरकोळ वाटेल. येथे आषाढात दोन-तीन घरांची उचल टळू शकते. मात्र स्थलांतराच्या महिन्यांत बैठका बंद पडतात, वर्गणी तुंबते. त्यामुळे वर्गणी महिन्यावर न बांधता पैसा हाती येण्याच्या दिवसांवर बांधणे अधिक व्यवहार्य ठरते.

शेळ्या-कोंबड्या हीदेखील बचतच, अडीनडीला विकता येणारी. रोगराई आली की मात्र भांडवलासह जाणारी. लग्नाचा खर्च न पेलल्याने विधी लांबणीवर टाकून संसार थाटणारी जोडपीही या भागात आहेत. पुढे कित्येकांचे विवाह सामुदायिक सोहळ्यात लागतात.

अलीकडे काही शेतकरी मोगऱ्याकडे वळले आहेत. मोगऱ्याला पाणी लागते, आणि उन्हाळ्यात येथील अनेक पाडे टँकरवर असतात. पण जेथे पाणी आहे, तेथे कळ्या मुंबईच्या बाजारात जातात आणि हंगामात पैसा वरचेवर हाती येतो. अशा घरांना मुकादमाची वाट पाहावी लागत नाही.