लग्नघरीं अडविलेला पाहुणा

सन 2008 च्या फेब्रुवारीची पहिली तारीख. त्या दिवशीं सकाळीं लोणावळ्याच्या स्टेशनावर आमचा भाचा सिंहगड एक्स्प्रेसमध्यें चढला, तो मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांत होणाऱ्या एका जलशासाठीं. 'आयर्न मेडन' हा विलायती वाद्यवृंद त्या रात्रीं आपल्या जगाच्या दौऱ्याचा आरंभ मुंबईहून करणार होता. दुसऱ्या दिवशीं बसलेला घसा घेऊन परतलेल्या भाच्यानें आम्हांस विचारलें, "मामा, पावणेचौदा मिनिटांचें एकच गाणें कधीं ऐकलें आहे का?" आम्ही म्हणालों कीं, तेवढ्या वेळांत मावळांतल्या शाहिराचें नमनहि संपत नाहीं. उत्तर फटकळ होतें. पण तें गाणें ऐकल्यावर आम्हांस त्या फटकळपणाची थोडी लाज वाटली.

तें गाणें सन 1984 च्या 'पॉवरस्लेव्ह' ह्या संग्रहांतलें. रचना स्टीव्ह हॅरिस ह्यांची. आधार कोलरिज कवीच्या वृद्ध खलाशावरील दीर्घ कवितेचा. हा वृंद 'हेवी मेटल' म्हणजे कर्णकठोर जातीचा गणला जातो. परंतु एकच कथा अनेक लयींतून दहा-पंधरा मिनिटें वाहून नेण्याची रीत आधींच्या 'प्रोग्रेसिव्ह रॉक' मंडळींची. त्यांपैकीं कॅनडाच्या 'रश' ह्या त्रिकुटानें सन 1977 मध्येंच कोलरिजच्याच 'कुब्ला खान'वरून अकरा मिनिटांचें 'झॅनडू' रचलें होतें. हॅरिस ह्यांच्या गाण्यांत आरंभीं घोडदौडीसारखा ठेका चालतो. खलाशी निष्कारण अल्बट्रॉस पक्ष्यास मारतो, वारा पडतो, जहाज समुद्रांत खिळून राहतें, आणि पुढें एके ठिकाणीं वाद्येंहि जवळजवळ थांबतात. जहाजाच्या लांकडांची कुरकुर तेवढी ऐकूं येते व एक आवाज मूळ कवितेच्या ओळी गद्यासारख्या बोलूं लागतो. आमचे कान तेथें टवकारले. डफ थांबवून शाहीर ऐन रणांत दोन वाक्यें बोलतो, श्रोत्यांस श्वास घेऊं देतो आणि मग झिलकऱ्यांसह पुनः चाल धरतो, तीच ही युक्ति!

एकानें दुसऱ्याचें उचललें असा ह्याचा अर्थ नव्हे. मुळांत कोलरिजनेंच गाणाऱ्यांचें ऋण काढलें होतें. सन 1765 मध्यें पर्सी ह्यांनीं जुनीं इंग्रजी बॅलड, म्हणजे तिकडचे पोवाडेच, छापून काढले आणि सुशिक्षितांस रस्त्यावरच्या गाण्यांची गोडी लागली. सन 1798 मध्यें वर्डस्वर्थबरोबर काढलेल्या 'लिरिकल बॅलड्स' ह्या निनांवी पुस्तकांत कोलरिजनें ही कविता छापली ती त्याच धाटणीची: आखूड कडवीं, सोपें यमक, पुनरुक्ति. सात भाग आणि सहाशेंहून अधिक ओळी. म्हणजे गाण्याचें पुस्तक झालें, आणि 186 वर्षांनीं पुस्तकाचें पुनः गाणें झालें.

तुळशीदास शाहिराचा तानाजी मालुसऱ्यांवरील पोवाडा ज्यांस ठाऊक आहे त्यांस कोलरिजच्या आरंभींच थबकावें लागेल. तिकडे लग्नघरीं निघालेला पाहुणा. आंत वाजंत्री वाजत आहेत. आणि एक म्हातारा खलाशी त्यास दारांतच अडवितो. इकडे रायबाच्या लग्नाची गडबड. आणि राजांचा सांगावा खुद्द यजमानासच कार्यांतून उठवितो. दोन्ही कवींनीं मंगल कार्याच्या उंबऱ्यावर मृत्यूची गोष्ट सांगावयास घेतली. फरक आहे, तो मोठा आहे. खलाशी आपल्या हातचें पाप सांगतो, व तें पुनः पुनः सांगत हिंडणें हीच त्याची शिक्षा. शाहीर दुसऱ्याचा पराक्रम सांगतो, व तो पुनः पुनः सांगणें हा त्याचा मान. खलाशाचे दोनशें सोबती मरतात आणि तो एकटा उरतो. तानाजी पडतो आणि मावळे गड घेतात. मावळांत राहणाऱ्यास दुसरी गोष्ट जवळची वाटणारच. पण खरें सांगावयाचें तर पहिली अधिक झोंबते.

ह्या दोन ओघांची गांठ एकदां कागदावर पडली आहे. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बुथनॉट अ‍ॅकवर्थ ह्यांनीं शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्यासह ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह सन 1891 मध्यें प्रसिद्ध केला, आणि सन 1894 मध्यें त्यांतील कांहीं पोवाडे 'बॅलड' ह्याच नांवाखालीं इंग्रजी पद्यांत उतरविले. तुळशीदासाचा सिंहगड त्यांत आहे. वडाळ्याच्या कुष्ठरुग्णालयामुळें अ‍ॅकवर्थ ह्यांचें नांव मुंबईकरांच्या तोंडीं राहिलें. हें दुसरें काम मात्र थोड्यांसच आठवतें.

छापल्यामुळें पोवाडा वांचला हें खरें. पण छापील पोवाड्यास लोक साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करूं लागले. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्रीं कड्याला घोरपड लावली होती काय? सभासदाच्या बखरींत घोरपड नाहीं. तेथें निवडक मावळेच कडा चढून जातात. ही छाननी इतिहासास अवश्य आहे. तथापि अल्बट्रॉस मारल्याची हकीकत शेल्व्हॉक नांवाच्या कप्तानाच्या सन 1726 च्या प्रवासवर्णनांत सांपडते, म्हणून कोणी कोलरिजला एक गुण अधिक देत नाहीं. आणि ती न सांपडती तर कोणी कापलाहि नसता. तुळशीदासाची घोरपड मात्र अजून तारखेवर तारीख घेत उभी आहे.

पुढें पावसाळ्यांत भाचा पुनः आला, तेव्हां आम्हीं संग्रह काढून त्यास तो पोवाडा वाचून दाखविला. बाहेर लोणावळ्याचा पाऊस कोसळत होता. घोरपड कड्याला चिकटते तेथपर्यंत आलों, तों त्यानें विचारलें, "मामा, ह्याची चाल कशी?" चाल पुस्तकांत नव्हती, आणि आम्हांस ती येत नव्हती.