खिशातला बुलडॉग

टीम डिनर संपलं तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. टेक्ससमधलं एक बार्बेक्यू रेस्टॉरंट, बाहेर फुटबॉलच्या मैदानाएवढं पार्किंग आणि त्यात दोनच दिवे चालू. आमच्या टीममधला एक सीनियर, पन्नाशीचा माणूस, सगळ्यांचा निरोप घेऊन निघाला होता. त्याचा फोन टेबलावरच राहिला. मी तो उचलला आणि त्याच्या मागे पळालो. एसीमुळे डोक्यावर हुडी ओढलेली होती, पायात मऊ तळव्याचे बूट. मी त्याच्यापासून आठ-दहा पावलांवर पोचलो तेव्हा तो गर्रकन वळला. त्याचा उजवा हात शर्टाखाली कमरेशी गेला होता आणि तिथेच थांबला होता.

दोन सेकंद असतील. मग त्यानं मला ओळखलं, हात बाहेर काढला, रिकामाच. फोन घेतला, थँक्स म्हणाला. आणि गाडीत बसता बसता म्हणाला, पुढच्या वेळी लांबून हाक मार.

त्याच्या कमरेला काय होतं ते मला पुढच्या रविवारी कळलं. त्यानं घरी जेवायला बोलावलं, माफी मागितली आणि मी विचारल्यावर ते आणून, रिकामं करून, किचन टेबलावर ठेवलं. चार्टर आर्म्स कंपनीचं 'बुलडॉग' रिव्हॉल्व्हर. नळी जेमतेम तीन इंचांची, कॅलिबर .४४. पाच गोळ्या बाजूला बशीत काढून ठेवलेल्या. त्या मात्र चांगल्याच जाड होत्या, करंगळीच्या टोकाएवढ्या. मी कशालाही हात लावला नाही. माझ्यासारख्या कामाच्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक बाळगायला एरवी मनाई आहे. शिकारीचा परवाना काढला तर सूट मिळते, पण मला कुठे हरणं मारायची होती? मी नुसताच बघत बसलो. एवढ्याशा वस्तूला एवढी मोठी गोळी कशाला, हा प्रश्न डोक्यात घेऊन घरी आलो. मग काही महिने रात्री त्यावरच वाचत होतो.

या नावाचं मूळ इंग्लंडात आहे. १८७२ साली बर्मिंगहॅमच्या फिलिप वेब्ली अँड सन या कारखान्यानं 'ब्रिटिश बुलडॉग' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. अडीच इंचांची नळी, पाच गोळ्या आणि .४४२ किंवा .४५० असं थोराड कॅलिबर. कोटाच्या खिशात मावावं म्हणूनच ते बनवलं होतं. आखूड नाकाच्या, रुंद जबड्याच्या कुत्र्याचं नाव त्याला चपखल बसलं आणि ते इतकं खपलं की बेल्जियम, स्पेन, अमेरिका सगळीकडे त्याच्या नकला निघाल्या. थोड्याच वर्षांत 'बुलडॉग' हे एका मॉडेलचं नाव न राहता त्या आकाराच्या सगळ्याच रिव्हॉल्व्हरांचं नाव होऊन बसलं. आपण कुठल्याही वॉशिंग पावडरला 'सर्फ' म्हणतो, तसं.

गोळी मोठी का, याचं उत्तर दारूत आहे. त्या काळी काडतुसात काळी दारू असायची. ती आजच्या दारूच्या मानानं दुबळी. त्यात नळी आखूड, म्हणजे गोळीला मागून ढकलायला वायूला जागाच कमी. वेग वाढवणं शक्य नसेल तर वजन वाढवा, एवढाच मार्ग उरतो. म्हणून हळू जाणारी, जड, जाडजूड गोळी.

आणि पाचच का? सहा जाड गोळ्या बसवायच्या तर सिलिंडर रुंद होतो आणि खिसा फुगतो, हे झालं उघड कारण. दुसरं कारण मला कळलं तेव्हा मी खुर्चीतच सरळ झालो. घोडा पडताना सिलिंडर जागच्या जागी पक्का राहावा म्हणून त्याच्या बाहेरच्या अंगावर खाचा असतात आणि खालून एक खिटी त्या खाचेत अडकते. गोळ्यांची घरं सहा असतील तर वरच्या घराच्या बरोबर समोर, खाली, दुसरं घर येतं. म्हणजे खाच नेमकी त्या घराच्या पातळ भिंतीवर पडते. घरं पाच असतील तर समोर येतो तो दोन घरांमधला भरीव भाग. विषम संख्या घेतली की धातू वाचतो. ज्यानं हे पहिल्यांदा पाहिलं असेल त्याला त्या दिवशी जेवण गोड लागलं असणार.

या सगळ्या काटकसरीची किंमत हाताला मोजावी लागते. त्या टेबलावरच्या बुलडॉगचं वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास, गोळीचं सुमारे सोळा ग्रॅम. गोळी सेकंदाला दोनशे मीटरच्या वेगानं पुढे गेली तर रिव्हॉल्व्हर त्या प्रमाणात मागे येणार. संवेग अक्षय्यतेचा नियम, अकरावीचं फिजिक्स. हिशोब केला तर ताशी वीस किलोमीटर निघतात. अर्धा किलोचा लोखंडी तुकडा सायकलच्या वेगानं तळहातावर आदळतो. सहकारी म्हणाला होता की तो रेंजवर पंधरा-वीस गोळ्या झाडतो आणि थांबतो, मनगट दुखतं. म्हणजे जे हत्यार चालवायला सर्वांत जास्त सराव हवा, त्याच्यावरच सराव होत नाही. ते घडवलंय बाळगण्यासाठी. बहुतेक बुलडॉगांचं आयुष्य खिशात, ड्रॉवरमध्ये, उशीखाली जातं आणि इतिहासात मात्र ज्यातून गोळी सुटली तेवढ्यांचीच नोंद होते.

त्यातली सर्वांत मोठी नोंद वॉशिंग्टनची. १८८१ च्या जून महिन्यात चार्ल्स गिटो नावाचा एक माणूस उसने पैसे घेऊन बंदुकीच्या दुकानात गेला. वकिली, धर्मप्रचार, राजकारण असं सगळं करून कशातच न जमलेला हा माणूस. नवे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड आपल्याच भाषणामुळे निवडून आले असं त्याला वाटत होतं आणि बदल्यात पॅरिसमधली सरकारी नेमणूक हवी होती. ती मिळाली नाही, तेव्हा गारफिल्डना मारण्याची आज्ञा देवानंच दिली असं त्यानं ठरवलं. दुकानात त्याला ब्रिटिश बुलडॉगच हवं होतं आणि नजर होती हस्तिदंती मुठीच्या नगावर. का, तर पुढे ते संग्रहालयात ठेवतील तेव्हा शोभून दिसेल. बंदुकीची त्याला सवय नव्हती, म्हणून पोटोमॅक नदीकाठी जाऊन थोडा सराव केला.

२ जुलैला सकाळी रेल्वे स्टेशनवर त्यानं गारफिल्डच्या पाठीमागून दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली. दुसरी पाठीत घुसली, पण मज्जारज्जू आणि मोठ्या रक्तवाहिन्या चुकवून स्वादुपिंडाच्या मागे जाऊन बसली. आज अशा जखमेतून माणूस बहुधा वाचला असता. गारफिल्डना डॉक्टरांनी मारलं असं म्हणणाऱ्यांशी माझं फारसं भांडण नाही. न धुतलेली बोटं आणि हत्यारं जखमेत घालून ते आठवडेच्या आठवडे गोळी शोधत होते. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी त्यासाठी धातू शोधणारं एक यंत्र घाईघाईनं बनवलं. प्रयोगात ते नीट चालायचं. राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत मात्र गादीतल्या पोलादी स्प्रिंगा आड आल्या. शिवाय मुख्य डॉक्टर ब्लिस यांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली, कारण गोळी उजवीकडेच आहे हे ते आधीच सांगून बसले होते. गोळी होती डावीकडे. चुकीच्या सर्व्हरचे लॉग चाळत रात्र घालवलेल्या कुणालाही बेलची कीव येईल. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. पुढच्या वर्षी ३० जूनला गिटोला फाशी झाली. आणि ते रिव्हॉल्व्हर? स्मिथसोनियन संग्रहालयाकडे ते खरंच गेलं आणि तिथून हरवलं.

याच सुमारास हे हत्यार खिशात ठेवायला काय लागायचं, ते बघण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये १८७० च्या कायद्याप्रमाणे घराबाहेर बंदूक बाळगायची तर पोस्टात जाऊन दहा शिलिंग भरायचे आणि परवाना घ्यायचा. ते का हवंय असं विचारायचं नाही. आणि त्याच सरकारनं भारतासाठी १८७८ साली केलेला शस्त्रकायदा? इथे परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरलं आणि परवाना देणं न देणं साहेबाच्या मर्जीवर. युरोपियनांना मात्र नियमांत सूट होती. म्हणजे मुंबईच्या फोर्टात फिरणाऱ्या गोऱ्या व्यापाऱ्याच्या खिशात बुलडॉग असू शकत होतं आणि त्याच्या शेजारून चालणाऱ्या त्याच्या हिंदी कारकुनाच्या खिशात नाही. कुणी कुणाला घाबरावं हे कायद्यानं ठरवून दिलं होतं. काँग्रेसच्या सुरुवातीच्या वर्षांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले, ते उगाच नव्हे.

पुढे नाशिकमध्ये २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरेंनी विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. लंडनहून पेटीच्या दुहेरी तळात लपवून आलेल्या वीस पिस्तुलांची ही खेप. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर कितीही आखूड केला तरी गोलच राहतो आणि पेटीच्या तळात चपटी वस्तूच लपते. बुलडॉगची सद्दी तोवर संपत आली होती आणि खिसे चपट्या पिस्तुलांनी घेतले होते.

कॅलिबरचा प्रश्न मात्र आपल्याकडे चिकटून राहिला. लष्कराचं काडतूस ज्यात बसेल असं हत्यार सामान्य माणसाच्या हाती नको, हा जुना इंग्रजी धसका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी भारतात .४५० च्या शिकारी रायफली आणायलाच बंदी केली, तेव्हा विलायती कारखान्यांनी .४७० आणि .४६५ अशी विचित्र आकड्यांची कॅलिबरं काढली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९६२ चे नियम आले, पण धसका तोच. .३८० आणि .४५५ ची काडतुसं बसतील अशी रिव्हॉल्व्हरं 'प्रोहिबिटेड बोअर'. म्हणून भारतात परवान्यावर दिसतं ते .३२ चं रिव्हॉल्व्हर. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यानं खास महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं, पाचशे ग्रॅम वजनाचं, तेही .३२ च आणि किंमत लाखाच्या वर. दिल्लीच्या बसमधल्या त्या मुलीच्या टोपणनावावरून एका महागड्या रिव्हॉल्व्हरचं नाव ठेवावं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

आमच्या घरात एकच बंदूक होती. कोकणात आजोबांची ठासणीची, रानडुकरांपासून शेत राखायला. माझ्या खांद्याएवढी उंच. तिचा परवाना फ्रेम करून देवघराच्या शेजारी लावलेला होता आणि दर निवडणुकीला आजोबा ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायला एसटीनं जायचे. वाटेत दहा जण विचारायचे, काय तात्या, इलेक्शन लागलं वाटतं? अख्ख्या गावाला ती कुठे आहे हे माहीत असायचं. सहकाऱ्याच्या बुलडॉगची गंमत अशी की त्याच्या शेजाऱ्यालाही त्याचा पत्ता नव्हता. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवायही ते कमरेला लावता येतं.

त्याचं चार्टर आर्म्सचं मॉडेल १९७३ सालचं. वेब्लीचंच नाव, पाचच गोळ्या, फक्त पोलाद आधुनिक. तीन-चार वर्षांत तेही कुप्रसिद्ध झालं. १९७६-७७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड बर्कोविट्झनं तरुण मुलामुलींवर, बहुतेक वेळा पार्क केलेल्या गाड्यांमध्ये बसलेल्यांवर, याच मॉडेलनं गोळ्या झाडल्या. सहा माणसं मेली. सुरुवातीला वर्तमानपत्रं त्याला '.४४ कॅलिबर किलर' म्हणत होती. तो सापडला पार्किंगच्या दंडाच्या चिठ्ठीवरून.

हे सगळं मी सहकाऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं शांतपणे ऐकलं. तो म्हणाला, माझ्या बापाला एकदा पार्किंगमध्ये दोघांनी मारलं होतं, कवटी फुटली होती. मी एकवीस वर्षं हे बाळगतोय आणि एकदाही बाहेर काढलेलं नाही. मग जरा थांबून म्हणाला, त्या रात्री तुझ्यावर सोडून माझा हात तिथे कधी गेलाही नव्हता.

मी विचारलं, मी फोन घेऊन अजून चार पावलं पुढे आलो असतो तर? त्यानं उत्तर दिलं नाही. काडतुसं बशीतून उचलून एक एक करून परत भरली. पाच.

गेल्या वर्षी मी पुण्याला परत आलो. ज्या शहरात त्या रिव्हॉल्व्हराचा जन्म झाला त्या बर्मिंगहॅममध्ये आज ते घरी ठेवणंही जवळपास अशक्य आहे. १९९६ ला डनब्लेनच्या शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर १९९७ मध्ये ब्रिटननं खासगी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं काढून घेतली. सहकाऱ्याचा अधूनमधून मेसेज येतो. बुलडॉगचा विषय आम्ही काढत नाही.

रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी पुढे चालत असेल तर मी अजून लांबूनच हाक मारतो. काका, मी आहे, सी विंगमधला. लोक त्या हाकेनंच दचकतात.